उपाशी काळजाचा आवाज

मे महिना अर्धा सरला की मुआन गावच्या म्हाताऱ्यांचे आजार आपोआप बरे होतात. शेतात लसणाच्या कोवळ्या दांड्या उपटायला आलेल्या असतात. त्या वेळेवर उपटल्या नाहीत तर खाली गड्डे बारीक राहतात. मग गुडघेदुखी, चक्कर, रात्रीची झोपमोड हे सगळं जून संपेपर्यंत तहकूब! डॉ. प्यो नान-ही यांना ही सुट्टी चांगली ठाऊक होती. बाजारातल्या सहकारी दुकानाच्या वरच्या मजल्यावर त्यांचा दवाखाना होता, एकवीस वर्षं होता, आणि दर वर्षी या दिवसांत त्या औषधांचं कपाट आवरायला काढत. त्या गुरुवारी सकाळी त्या कपाटापुढे पसारा मांडून बसल्या होत्या, तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. पुढे शहरी बूट, घाईचे. मागे रबरी चपला, अजिबात घाई नसलेल्या.

बूट गुक सुंग-मोचे होते. वय चव्वेचाळीस, सोलमध्ये इमारतींच्या लिफ्ट तपासायची नोकरी, गावी येणं वर्षातून दोनदा. चपला त्याच्या आईच्या, मा यन-शिम यांच्या. एकाहत्तर वर्षांच्या या बाई दर महिन्याला रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला यायच्या आणि गोळ्यांपेक्षा गप्पाच जास्त घेऊन जायच्या. आज त्यांना थेट शेतातून उचलून आणलेलं दिसत होतं. बाह्यांना कोपरापर्यंत तांबडी माती होती.

“डॉक्टर, फक्त एक चिठ्ठी हवी होती,” सुंग-मो उभ्याउभ्याच म्हणाला. “मोठ्या इस्पितळात दाखल करायचं तर गावच्या डॉक्टरची शिफारस लागते म्हणे. मंगळवारी आईला सोलमध्ये दाखल करतोय. आजची तीनची गाडी आहे मोकपोहून.”

“दाखल कशासाठी?”

“ऑपरेशन,” यन-शिम मावशीच म्हणाल्या. “छाती उघडणार आहेत माझी. मी म्हटलं याला, मरायचंच असेल तर लसूण काढून मरते, दांड्या तरी वाया जायच्या नाहीत.”

“आई, तू गप्प बस ना जरा!”

त्याने फाईल टेबलावर ठेवली. आई-बापांच्या सणाला, आठ मेला, बाकीच्यांची पोरं आईच्या छातीला तांबडं फूल लावून जातात. सुंग-मोने या वर्षी फुलासोबत सोनेरी काठाचं पाकीटही दिलं होतं. सोलच्या एका तपासणी केंद्रात एका दिवसात डोक्यापासून पायापर्यंत सगळी तपासणी, मुलाकडून आईला भेट. आतडी, जठर, रक्त, हाडं, हृदय, काही म्हणून सोडायचं नाही. केंद्राने खरंच काही सोडलं नव्हतं. अहवालाच्या पहिल्याच पानावर तांबड्या अक्षरांत लिहिलं होतं: हृदयाची झडप अत्यंत अरुंद, त्वरित शल्यचिकित्सकाला दाखवावे.

प्योबाईंनी ती ओळ दोनदा वाचली. हृदयातून सगळ्या शरीराला रक्त जातं ते महारोहिणीतून, आणि तिच्या तोंडाशी असलेली झडप वयाबरोबर कडक होते, नीट उघडेनाशी होते. मग हृदयाला रक्त बाहेर ढकलायला जोर लावावा लागतो. झडपेच्या अलीकडे दाब वाढतो, पलीकडे कमी राहतो. या दोन दाबांमधला फरक म्हणजे दुखण्याचं माप. चौसष्टच्या वर गेला की गंभीर समजायचं. अहवालात आकडा होता चौऱ्याहत्तर. खाली आणखी एक ओळ होती, तपासणीच्या वेळी मोठी मर्मर ऐकू आली.

त्यांनी कपाटातून मावशींची जुनी रुग्णपत्रिका काढली. दर महिन्याची नोंद, त्यांच्याच अक्षरात. ठोक्यांच्या मधे जो खरखराट येतो त्याला डॉक्टर मर्मर म्हणतात, आणि त्यांनी वर्षानुवर्षं लिहिलं होतं: हलकी मर्मर, वयोमानानुसार. एप्रिलमध्येही तेच. म्हणजे बाई मरणाच्या दारात असताना आपण ‘वयोमानानुसार’ लिहीत होतो! क्षणभर त्या पोरासारखंच त्यांनाही वाटलं, की मुकाट्याने चिठ्ठी लिहावी आणि पुढची जबाबदारी सोलच्या डॉक्टरांच्या हवाली करावी.

“चिठ्ठी देते,” त्या म्हणाल्या. “पण खाली सही माझी असणार. आधी ऐकते.”

सुंग-मोने घड्याळाकडे पाहिलं. “डॉक्टर, तिथे एवढं मोठं मशीन लावून बघितलंय. तुम्ही नळी लावून आता वेगळं काय ऐकणार?”

हे त्यांना झोंबलं, कारण नेमकं हेच त्यांच्याही मनात आलं होतं. “बघू तरी,” एवढंच त्या म्हणाल्या आणि मावशींना पलंगावर बसवलं.

त्यांनी नळी छातीवर टेकवली. एक ठोका, मधे हलकासा खरखराट, दुसरा ठोका. अगदी एप्रिलसारखा, मार्चसारखा. मोठी मर्मर कुठेच नव्हती. दुसऱ्या कुणाचा जीव भांड्यात पडला असता. प्योबाईंचा पडला नाही. शिकाऊ असताना ग्वांगजूच्या इस्पितळात त्यांनी मासळीबाजारातला एक हमाल तपासला होता. मर्मर इतकी हलकी की त्यांनी निर्धास्त होऊन घरी सोडा म्हणून लिहिलं. वरच्या डॉक्टरांनी तो कागद सगळ्यांसमोर फाडला होता. झडप पार बुजत आली की थकलेल्या हृदयात आवाज करण्याचंही बळ उरत नाही, हे त्या दिवशी त्यांना कळलं. आवाज मोठा म्हणजे दुखणं मोठं, आवाज बारीक म्हणजे दुखणं बारीक, असं साधं गणित छातीत नसतं.

म्हणून त्यांनी नळी बाजूला ठेवली आणि मावशींच्या गळ्याच्या नाडीवर दोन बोटं टेकवली. झडप खरंच बुजली असेल तर ही नाडी मंद उठते, दबकत दबकत बोटांपाशी येते. मावशींची नाडी टणकन बोटांवर आपटली. एकदा, दोनदा, दहादा. गळ्यावर नळी लावली तर तिथे मर्मरचा मागमूस नव्हता. अरुंद झडपेची मर्मर गळ्यापर्यंत चढते.

आता त्यांना राग आला, स्वतःचा नाही, त्या तांबड्या अक्षरांचा. काहीतरी जुळत नव्हतं.

“मावशी, उभ्या राहा बरं. एकदम.”

मावशी उठल्या. प्योबाईंनी नळी छातीच्या डाव्या कडेला धरली होती. दोन-चार ठोके गेले आणि खरखराट वाढायला लागला. चांगलाच वाढला.

“आता श्वास कोंडा आणि कुंथा. संडासला बसल्यासारखं.”

“पोरासमोर?”

“पोरगा पाठ फिरवेल.”

सुंग-मोने पाठ फिरवली. मावशींनी चेहरा लाल होईपर्यंत कुंथलं, आणि नळीत आवाज असा खरखरला की प्योबाईंच्या भुवया वर गेल्या. सोलवाल्यांनी ऐकलेला आवाज हाच. पण कुंथताना हृदयात येणारं रक्त कमी होतं, आणि रक्त कमी आलं तर अरुंद झडपेची मर्मर कमी व्हायला हवी. ही वाढत होती. उलटंच चाललं होतं सगळं.

“आता खाली बसा. उकिडव्या. शेतात बसता तशा.”

शहरातल्या डॉक्टरांना ही तपासणी पुस्तकात ठाऊक असते, पण सत्तरीच्या बाईला उकिडवं बसवायची हिंमत कोण करणार? मुआनमध्ये उलट त्यांना खुर्चीवर बसवणंच अवघड. मावशी एका दमात खाली बसल्या, टाचा जमिनीला टेकलेल्या, कोपरं गुडघ्यांवर. प्योबाईंनाच त्यांच्यापाशी पोचायला दोन्ही गुडघे टेकावे लागले, आणि त्यांचे गुडघे कडकन वाजले.

“तेल घाला जरा,” मावशी म्हणाल्या.

“श्श!”

त्यांनी कान दिला. ठोका, ठोका, ठोका. खरखराट विरत विरत गेला आणि मग उरलाच नाही. प्योबाई तशाच गुडघ्यांवर राहिल्या. डोळ्यांत पाणी येतंय हे कळून त्यांनी मान आणखी खाली घातली. झडप अरुंद असती तर या बसण्याने आवाज वाढला असता, निदान तसाच राहिला असता. तो गेला होता. दोष झडपेत नव्हता.

“मावशी,” आवाज सावरत त्यांनी विचारलं, “त्या तपासणीच्या आदल्या दिवशी काय खाल्लं होतं?”

“काही नाही.”

“रात्री नव्हे, दिवसभरात.”

“दिवसभर काही नाही. त्याच्या आदल्या दिवशीही नाही.”

सुंग-मो गर्रकन वळला. “काय? कागदावर लिहिलं होतं, दुपारी पेज खा, रात्री नऊनंतर काही खाऊ नका!”

“नऊनंतर म्हणे! पोराने एवढा खर्च केलेला, सोलचे मोठमोठे डॉक्टर माझी आतडी बघणार, आणि मी काय अर्धंमुर्धं रिकामं पोट घेऊन जाऊ? पाहुणे यायचे म्हटलं की घर आदल्या दिवसापासून झाडतो आपण.”

“पण रात्री आमच्याकडे आलीस तेव्हा जेवून आले म्हणालीस!”

“नाहीतर तुझ्या बायकोने वाढलं असतं. सून काही वाढते आणि नाही म्हणायचं, बरं दिसतं का ते?”

“आणि पाणी?” प्योबाईंनी विचारलं.

“बसमध्ये चार-पाच तास बसायचं. पाणी प्यायलं तर सारखं उतरावं लागतं, ड्रायव्हर तोंड वाकडं करतो.”

“आणि त्या आदल्या दिवशी शेतात गेला होतात?”

“दुपारपर्यंतच. आमच्या पट्ट्यात दांड्या लवकर येतात. मग बस पकडली. ते जुलाबाचं औषध मात्र सगळं प्यायले हं, बाटली विसळून प्यायले. रात्रभर नुसतं आत-बाहेर.” मावशी आता रंगात आल्या होत्या. “आणि तुमची गोळीही घेतली सकाळी. तुम्हीच म्हणाला होतात ना, काहीही झालं तरी चुकवायची नाही.”

प्योबाईंनी रुग्णपत्रिका ओढून मार्चची नोंद काढली. पायांवर सूज दिसली म्हणून मार्चमध्ये त्यांनीच ती गोळी चालू केली होती. अंगातलं पाणी लघवीवाटे काढून टाकणारी गोळी. दोन दिवस उपाशी, उन्हात काम, रात्रभर जुलाब, आणि वर ही गोळी. बाईच्या अंगात रक्त वाहायला पाणी तरी कितीसं उरलं असेल!

“हसू नका, पण तुमच्या आईचं हृदय उपाशी होतं,” त्या सुंग-मोला म्हणाल्या. त्याच्या चेहऱ्यावर हसण्याची काहीच चिन्हं नव्हती. “मशीन दाब मोजत नाही. रक्त किती वेगाने जातंय तेवढं मोजतं, आणि वेगावरून दाबातला फरक किती असेल याचा हिशोब मांडतं. वेग कुठे वाढला ते मात्र बघणाऱ्याने शोधायचं. तुमच्या आईच्या हृदयात झडपेच्या जरा खाली मांसाचा उंचवटा असणार. या वयात, जुना रक्तदाब असला की येतो. हृदय भरलेलं असेल तेव्हा त्याच्या बाजूने रक्त आरामात जातं. हृदय रिकामं असलं की भिंती जवळ येतात, वाट चिंचोळी होते, रक्त सुसाट सुटतं. मशीनने तो वेग पकडला. बघणाऱ्याला वाटलं झडपच अरुंद आहे.”

“म्हणजे मशीन खोटं?”

“मशीन खरं, आकडाही खरा. जागा चुकली. बरं, तुम्ही लिफ्ट तपासता. रिकामी लिफ्ट आणि भरलेली लिफ्ट सारखी वागते?”

“नाही,” तो चटकन म्हणाला. “ब्रेक सोडला तर रिकामी वर ओढली जाते. पलीकडचं वजन जड पडतं.”

“मग? रिकामी तपासून, भरलेली कशी चालेल ते सांगाल तुम्ही?”

 त्याने टेबलावरची फाईल जवळ ओढली. मग हळू आवाजात त्याने तेच विचारलं जे विचारायला हवं होतं. “आणि डॉक्टर, तुम्ही चुकत असाल तर? मी मंगळवारचं रद्द केलं आणि आईला शेतात काही झालं तर?”

“म्हणून तर नुसत्या माझ्या कानांवर सोडत नाही. मोकपोला तुम्हाला जायचंच आहे ना? तिथे पुन्हा मशीनवर बघून घेऊ. मी सोडते.”

त्यांनी मोकपोला फोन करून सगळं सांगितलं, दाराला पाटी अडकवली, नर्सला जेवायला पाठवलं आणि दोघांना गाडीत घातलं. कपाटाचा पसारा तसाच जमिनीवर राहिला. वाटेत मावशी मागच्या सीटवर बसून दोन्हीकडची शेतं न्याहाळत होत्या, कुणाच्या दांड्या अजून उभ्या आहेत, कोण आळशी आहे, याचा जाहीर निकाल लावत होत्या. सुंग-मो पुढे बसला होता. त्याचे दोन्ही हात गुडघ्यांवर घट्ट दाबलेले होते. प्योबाईंनी एका दुकानापाशी गाडी थांबवून भाजक्या जवाच्या पाण्याच्या दोन मोठ्या बाटल्या घेतल्या आणि मागे दिल्या. “संपवायच्या,” त्या म्हणाल्या. मावशींनी याही बाटल्या विसळून प्यायल्यासारख्या संपवल्या.

मोकपोत बांग इक-ते नावाचा डॉक्टर होता, प्योबाईंपेक्षा नऊ वर्षांनी धाकटा, त्यांच्याच कॉलेजचा, आणि सबंध किनाऱ्यावर हृदयाचं हलतं चित्र दाखवणाऱ्या इकोच्या मशीनवर त्याच्यासारखा हात कुणाचा नाही असं त्या म्हणत, तो समोर नसताना. त्याने मावशींना डाव्या कुशीवर झोपवलं, गार जेल लावलं आणि दिवा मालवला. पडद्यावर करडं, हलतं चित्र उमटलं.

“ही झडप,” तो म्हणाला. “तिन्ही पाकळ्या उघडतायत. कडेला जरा चुन्याची खडी साचलीय, एकाहत्तरच्या मानाने काहीच नाही. दाबातला फरक अकरा.”

“किती?” सुंग-मोने विचारलं.

“अकरा.”

“चौऱ्याहत्तर होता.”

“आता अकरा आहे. आता हा बघा उंचवटा, इथे, झडपेच्या खाली. ताई, तुम्ही न बघताच सांगितलं होतं ना मला फोनवर?” त्याने प्योबाईंकडे वळून पाहिलं. “मावशी, जोरात कुंथा.”

“पुन्हा?” मावशी म्हणाल्या. “आज सगळ्यांना माझ्या कुंथण्याचंच पडलंय.”

त्या कुंथल्या. पडद्यावरची वेगाची रेघ उंच गेली, पण सरळ टेकडीसारखी नाही. आधी आळसावत चढली आणि शेवटी विळ्याच्या टोकासारखी वळून वर गेली. बांगने चित्र गोठवलं आणि बोट ठेवलं. “बावन्न. आणि तोही झडपेपाशी नाही, या उंचवट्यापाशी. अरुंद झडपेची रेघ अशी कधीच चढत नाही. सोलवाल्यांनी आकार न बघता टोक तेवढं मोजलं.” मग दिवा लावता लावता म्हणाला, “ताई, तुमच्या कानांचा विमा उतरवा बुवा. मशीन विकून टाकतो मी.”

प्योबाई “आलेच” म्हणून बाहेर व्हरांड्यात गेल्या. भिंतीला टेकून त्या कागदी पेल्यातून पाणी प्यायल्या. सकाळपासून त्यांनी स्वतःला म्हटलेलं नव्हतं ते आता म्हटलं: मी मारलं नाही तिला. इतकं हलकं वाटलं की त्यांना कुणाला तरी फोन करून सांगावंसं वाटलं, पण सांगण्यासारखी माणसं सगळी आतच होती.

बांगने सोलच्या शल्यचिकित्सकाला चित्रं पाठवली, सोबत प्योबाईंचं पत्र. अर्ध्या तासाने तिकडून स्वतः त्या डॉक्टरांचा फोन आला. त्यांनी दोन प्रश्न विचारले, उपास किती दिवसांचा आणि उकिडवं बसल्यावर आवाज पूर्ण गेला का. मग मंगळवारचं रद्द केलं. ऑपरेशनआधी त्यांनी पुन्हा तपासलंच असतं, असंही ते म्हणाले. कदाचित खरं असेल. प्योबाईंनी वाद घातला नाही. महिन्याभराने नीट जेवूनखाऊन दाखवायला या, एवढंच ठरलं.

“आता माझी पाळी,” त्यांनी फोन ठेवून सुंग-मोला सांगितलं. “ती पाणी काढणारी गोळी मी दिली होती. या हृदयाला ती देऊ नये. आजपासून बंद. तिच्याऐवजी ठोके संथ करणारी दुसरी देते. पायांना सूज आली तर येऊ दे, पाय वर घेऊन बसायचं. ऊन असेल तेव्हा भरपूर पाणी प्यायचं. तुम्ही तपासणी केली नसती तर जुलैच्या उन्हात ही बाई शेतात चक्कर येऊन पडली असती आणि ती माझी चूक असती.”

सुंग-मो खुर्चीवर बसला होता, फाईल मांडीवर. एवढ्या वेळात त्याने पहिल्यांदाच टाय सैल केला. “मला वाटलं मी तिला वाचवतोय,” तो म्हणाला. “आठवडाभर झोपलो नाही मी. आणि तिला उपाशी ठेवून मीच...”

“तू कुठे उपाशी ठेवलंस? मी राहिले,” मावशी पलंगावरून म्हणाल्या. जेल पुसायला दिलेला कागद त्या घडी करून खिशात ठेवत होत्या, वाया कशाला घालवायचा म्हणून. “चांगली भेट होती. मोठा गाऊन दिला होता, चपला दिल्या होत्या. गावात सगळ्यांना सांगितलं मी.”

तो हसला, पण ते हसू लगेच मोडलं. त्याने प्योबाईंच्या गळ्यातल्या नळीकडे पाहिलं. “मला ऐकता येईल?”

त्यांनी नळी त्याच्या कानांत घातली, दुसरं टोक आईच्या छातीवर योग्य जागी धरलं. मावशी पलंगावरून उठून उभ्या राहिल्या होत्या. सुंग-मोच्या कपाळाला आठ्या पडल्या. त्याला तो खरखराट ऐकू येत होता, हे दिसतच होतं.

“आता मावशी, खाली.”

मावशी खाली बसल्या. नळी आखूड, म्हणून त्यालाही बसावं लागलं. त्याने गुडघे वाकवले, टाचा उचलल्या गेल्या, तोल गेला आणि चांगला चव्वेचाळीस वर्षांचा लिफ्ट तपासनीस सपशेल ढुंगणावर आपटला. मावशी खदखदून हसल्या. “ह्याला म्हणतात शहर! बसतासुद्धा येत नाही कार्ट्याला.” बांगही हसला. सुंग-मो तसाच फरशीवर फतकल मारून बसला, नळी त्याने सोडली नव्हती. आईचं हसू थांबेपर्यंत थांबला आणि मग ऐकू लागला.

“गेला,” तो घाबरून म्हणाला. “डॉक्टर, आवाज गेला.”

“ठोके आहेत ना?”

“आहेत. स्वच्छ आहेत.”

“मग झालं. अशी बसली की पायांतलं रक्त वर येतं, हृदय भरतं, वाट मोकळी होते.”

त्याने मान हलवली. मग आईकडे न बघता, फरशीकडे बघत म्हणाला, “त्या दिवशी तपासणी केंद्रात तुला गरगरायला लागलं होतं. रांगेतच तू भिंतीशी अशी खाली बसलीस.”

“बसले. बरं वाटायला लागलं होतं.”

“मी तुला दंडाला धरून उठवलं. लोक बघत होते म्हणून. म्हटलं, खुर्ची आहे ना, इथे असं बसत नाहीत.” “आणि लगेच तुला आत घेतलं, मशीनवर.”

मावशींनी मातीचा हात त्याच्या गुडघ्यावर ठेवला आणि ठेवता ठेवता त्याची पँट मळली हे पाहून उचलला. “चल, उठते आता. तुझे पाय आखडतील.”

“नको,” सुंग-मो म्हणाला. नळी कानांत तशीच होती, आणि दुसऱ्या हाताने त्याने आईचा खांदा हलकेच धरला होता, वर उठू नये म्हणून. “उठू नकोस, आई. बस अजून थोडा वेळ.”